माझ्या नावाची मूठ

जळगावच्या त्या वर्षाबद्दल कोणी विचारलं की मी आधी दमते आणि मग बोलते. बी. एस्सी. कुठून झाली, तर जळगावहून, एवढं सांगितलं की समोरच्याचं काम होतं. माझं होत नाही. त्या एका वर्षासाठी मी किती घरांचे उंबरे झिजवले, ते आठवलं की अजून पोटऱ्या दुखतात. झालं होतं असं, की आम्ही धुळ्याच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलो आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर आम्हाला सांगण्यात आलं, सहा मुलांसाठी रसायनशास्त्राचा स्पेशल विषय चालवता येणार नाही, ज्यांना शिकायचंय त्यांनी टीसी घेऊन जळगावला जावं. हेडक्लार्कनी सहाही दाखले एका टाचणीत अडकवून आमच्यातल्या सर्वांत उंच मुलाच्या हातात दिले. त्यात आम्ही दोघीच मुली होतो, मी आणि शिरपूरची मंगला. आम्हाला वाटलं, कॉलेज बदलणं म्हणजे बस बदलण्यासारखंच असणार, एका फलाटावरून उतरायचं आणि दुसऱ्यावरून चढायचं. तेवढीच अक्कल होती तेव्हा.

जळगावला पोचलो तर मुलींच्या वसतिगृहाची यादी लागून बंद झालेली. पहिल्या वर्षाला आलेल्या मुली तिसऱ्या वर्षापर्यंत आपली खोली सोडत नाहीत आणि मधल्या वर्षाला येणाऱ्यांचा विचार कोणी केलेलाच नव्हता. मुलांचं बरं असतं. चौघांनी एका गोदामावरची खोली धरली, चार खाटा टाकल्या, झालं. आम्ही दोघी दारोदार. दार उघडणारी बाई आधी पायांकडे बघायची, मग ट्रंकेकडे, मग विचारायची, कुठल्या? कोणाच्या? आणि मग नेमका तो प्रश्न यायचा, मधेच कॉलेज का बदललं? विषय बंद पडला म्हणून, हे उत्तर कोणाला पटायचं नाही. विषय कधी बंद पडतो का! मुलगी मधल्याच वर्षी गाव बदलते म्हणजे तिकडे काहीतरी झालं असणार, हे त्या बाईच्या चेहऱ्यावर दिसायचं. "बघू, यांना विचारून सांगते," म्हणायची आणि दार लावायची. आता मी राहते त्या कॉलनीत चार बंगल्यांआड 'मुलींसाठी कॉट बेसिस'च्या पाट्या लागलेल्या आहेत, मुली मोबाईलवर खोली बघतात आणि संध्याकाळी सामान घेऊन येतात. मागच्या महिन्यात एक पोरगी माझी वरची खोली विचारायला आली होती. मी दार उघडलं, तिच्या बॅगेकडे बघितलं आणि म्हटलं, "कुठली गं तू? कोणाची?" शब्द तोंडातून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली.

पहिली जागा मिळाली ती एका मावशींच्या जिन्याखाली. तिथे ट्रंक ठेवली की पाय पसरता येत नसत. दुसरी जागा बरी होती, पण घरमालकाचा मेहुणा येऊन राहिला आणि त्याची नजर बरी नव्हती. मंगला तिथूनच परत गेली. तिचे काका आले, तिची वळकटी बांधली, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी दमले गं विमल." रडली वगैरे नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. तिचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते, हे मी आजही कोणाला सांगितल्याशिवाय राहत नाही. मंगला गेल्याचं कळल्यावर आमचे भाऊ पिंपळनेरहून आले. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. तांबूस मातीची थोडी शेती, पावसाळ्यात भात, नंतर कांदा, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. ते त्या दुसऱ्या जागेच्या दारात उभे राहिले, आत आलेच नाहीत. म्हणाले, "आखो एक जागा दख. पन ती शेवटली. ती गयी ते घर येवानं. मंग कालेज नही, काही नही." आणखी एक जागा बघ, पण ती शेवटची. ती गेली की घरी. मी हो म्हटलं. भाऊंचा शब्द फिरत नसे.

ती शेवटली जागा मला जळगावला लागूनच असलेल्या पिंप्राळ्यात मिळाली, अक्कांच्या घरी. अक्का आणि आबा मूळचे असोद्याचे. आबांचं पुढच्या खोलीत मोटारी भरण्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या पंपांच्या मोटारी शेतकरी सायकलीला बांधून आणत आणि आबा दिवसभर मांडी घालून तांब्याची तार आत भरत बसत. सगळ्या घराला त्या वॉर्निशचा वास होता. माझ्या केसांना, वह्यांना, पोळीलासुद्धा तोच वास यायचा आणि आठवडाभरात मला तो कळेनासा झाला. बारावीतली शीला ही त्यांची एकुलती मुलगी. मला मिळाली ती मागच्या पडवीला लागून असलेली खोली, जिच्यात पूर्वी जळणाच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, ठेवत. खिडकी नव्हती, दाराच्या वर एक झरोका होता. अक्कांनीही विचारलं, "मधातच कायले आली?" मी ठरलेलं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "विषय बंद पडला तं तू काय करशीन बापा. ये." त्या एका शब्दासाठी मी त्यांच्या पाया पडले नाही एवढंच.

कॉलेजात मात्र कोणी 'ये' म्हणत नव्हतं. वर्गातली पोरं दोन वर्षं एकत्र होती, त्यांची टोपणनावं, भांडणं, उधार-उसने घेतलेले जर्नल, सगळं ठरून गेलेलं. आम्हाला 'बदलीवाले' म्हणत, जसं काही आम्ही सरकारी नोकर होतो. प्रयोगशाळेत दोघादोघांच्या जोड्या असत आणि जोड्या पहिल्या वर्षीच लागलेल्या. मंगला गेल्यावर मी एकटी उरले. ब्युरेट वरून मी भरायची आणि खाली येऊन मीच वाचायची. धुळ्याला न झालेले काही प्रयोग आम्हाला वेगळे पुरे करावे लागणार होते, ते केले नाहीत तर टर्म मिळणार नव्हती. वर्गातल्या मुली वाईट नव्हत्या. मधल्या सुट्टीत त्या डबे उघडून गोल करून बसत आणि त्या गोलात जागा करायला कोणीतरी सरकावं लागतं, ते सरकणं कोणाच्या लक्षात येत नसे. मी पिंप्राळ्याहून चालत जायची, चालत यायची. घरी येईपर्यंत बोलायला शब्द उरलेले नसत, आणि ते बरंच होतं, कारण अक्कांना बोलणारी माणसं आवडत नसत.

अक्कांच्या हाताला मात्र चव होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वरून कच्च्या तेलाची धार. कधी वाफवलेले डाळीचे फुणके आणि कढी, कधी शेवभाजी, रविवारी वरण-बट्टी. आमच्याकडच्यापेक्षा यांचं तिखट जास्त, पहिले आठ दिवस माझ्या डोळ्यांतून पाणी गळायचं आणि शीला हसायची. सुरुवातीला मला ताट दाराशी आणून मिळे. मग एकदा अक्कांना ताप आला, मी न विचारता कणीक मळली, आणि त्या दिवसापासून माझं ताट चुलीसमोर इतरांच्या बरोबर आलं. अक्का रोज सकाळी पिठाच्या डब्यात हात घालत आणि चौघांचं पीठ काढत, आबांचं, स्वतःचं, शीलाचं आणि माझं. पहाटे झोपेत मला डब्याच्या झाकणाचा आवाज यायचा. महिनाभर हे चाललं. महिना काही मोठा काळ नाही, पण हाताला सवय लागायला पुरतो, आणि पुढचं सगळं त्या सवयीमुळे झालं.

श्रावण लागला तशी अक्कांची धांदल सुरू झाली. त्या वर्षी कानबाई त्यांच्या घरी बसायची पाळी होती. आमच्या खानदेशाबाहेरच्यांना ही देवी सांगावी लागते. श्रावणातल्या एका रविवारी नारळाला नाकडोळे लावून, नथ घालून कानबाई चौरंगावर बसवतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतात. सगळे भाऊबंद त्या एका घरी गोळा होतात. आणि तिचे रोट असतात. रोटांसाठी घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते वेगळे दळायचे, आणि त्याच्या पोळ्या, खीर, सोबत गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी असं जे काही होईल ते त्याच घरच्या माणसांनी खायचं. परक्याला घासभर द्यायचा नाही. उरलं तर टाकायचं नाही, जनावराला घालायचं नाही, संपेपर्यंत तेच खायचं. अगदी ताट धुतलेलं पाणीसुद्धा खड्डा करून त्यात ओततात. मला हे सगळं माहीत होतं, कारण आमच्याही घरी कानबाई बसायची. घरोघरी रीत थोडी वेगळी. कोणाकडे फक्त पुरुषांच्या नावाची मूठ काढतात, कोणाकडे बायकांचीही. आमची आई माझ्या नावाची मूठ दर वर्षी न चुकता काढायची, आणि माझी मूठ काढताना तिचा हात जरा जास्त भरायचा, ते मी लहानपणापासून बघत आलेली. त्या वर्षी मी घरी येणार नाही, असं पत्र टाकलं होतं. माझे राहिलेले प्रयोग नेमके सोमवारी लावले होते. रोटांचे दिवस मी कॉलेजजवळच्या खाणावळीत जेवेन, असं अक्कांचं आणि माझं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी असोद्याची मंडळी आली. आबांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे नाना म्हणत, त्यांची बायको, दोन मुलगे आणि सुना. नाना धिप्पाड, पांढरं धोतर, केळीच्या चिकाचे काळे डाग बोटांवर कायमचे. वाईट माणूस नव्हता. पण घरातलं कोणतंही काम नानांनी मान हलवल्याशिवाय पुढे जात नसे. पडवीत गोमूत्र शिंपडलेलं, अक्का न्हाऊन ओल्या केसांनी सुपापुढे बसल्या, बाजूला गव्हाची पाटी. मी माझ्या खोलीच्या दारात जर्नल लिहीत होते. अक्का एकेक मूठ सुपात टाकत आणि वर चिमूटभर, म्हणजे ती सव्वा झाली. जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या "मोठ्यांची" म्हणाल्या, "घरधन्याची" म्हणाल्या. मग जाऊबाईंची, पोरांची, सुनांची, स्वतःची. "शीलाची," त्या म्हणाल्या, आणि त्याच दमात, पुढची मूठ सुपात पडता पडता, "विमलची."

खरं सांगायचं तर माझ्या नावाने मला आधी आनंद झाला. दोन महिन्यांत त्या गावात मला कोणी कशात धरलं नव्हतं. पेन तसंच धरून मी सुपाकडे बघत राहिले. मग लक्षात आलं की पडवीत सगळे माझ्याकडेच बघतायत. अक्कांचा हात पाटीच्या वर थांबला होता. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अव माय, हे काय केलं?" अक्का म्हणाल्या, "हाताले सवय पडली. रोज चौघायचं पीठ काढते ना मी." त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं आपणच काहीतरी चोरलंय. गहू तर गव्हात मिसळून गेले होते. वेगळे करता आले असते तरी केले नसते, कारण नाव घेऊन टाकलेली मूठ मागे घेत नाहीत.

नानांना पुढच्या खोलीतून बोलावलं. त्यांनी सुपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाटावर बसले. मग म्हणाले, "मूठ मांगे घेता येत नई. नाव काढलं म्हंजे तिनं खायले पाह्यजे. पन तिच्या बापाच्या घरी कानबाई हाये. तिथी तिची मूठ निंगाली असीन. एका मानसाची मूठ दोन घरी चालत नई. दोन्ही घरच्या देवीचा कोप व्हईन." आबा हळूच म्हणाले, "मंग काय करावं?" नाना म्हणाले, "पोरगीच घरात नसली तं मूठ घराची. आज सामान हालवून घ्या तिचं. परकं मानूस घरात ठेवलं की असंच व्हते, मी पह्यलेच सांगितलं व्हतं." चक्कीवाल्याने चक्की धुऊन ठेवली होती, दुपारपर्यंत दळण पोचायला हवं होतं. आबांनी तारेचं बंडल उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. अक्का सुपावर फडकं झाकून तशाच बसून राहिल्या. माझ्या बाजूने त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांनी बोलावं अशी अपेक्षा करण्याइतकी मी त्यांची कोण होते?

मी खोलीत गेले आणि ट्रंक ओढली. वाचणाऱ्याला वाटेल मी चिडले असेन, भांडायला हवं होतं. आज माझ्या नातीच्या वयाच्या मुली भांडतील, आणि भांडावंच. मला मात्र त्या वेळी फक्त झोप येत होती. तिसऱ्यांदा तीच ट्रंक, तीच वळकटी, दोरीची तीच गाठ. ही जागा गेली म्हणजे सोमवारचे प्रयोग गेले, टर्म गेली, आणि भाऊंच्या शब्दाप्रमाणे मी पिंपळनेरला, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि तरी हातपाय हलत नव्हते. मंगला जे म्हणाली होती ते मी मनात म्हणून बघितलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला भीती वाटली. मी ट्रंकेवर बसले. झरोक्यातून पडवीतली कुजबुज ऐकू येत होती. तेवढ्यात पुढच्या दारातून ओळखीचा आवाज आला, "विमल शे का घर?"

भाऊ आले होते. पत्र मिळूनही आले होते, कारण कानबाईला घरची पोर घरात हवी, असं आईने धरून ठेवलं होतं. पहाटेच्या गाडीने पिंपळनेरहून निघून, धुळ्याला बदलून, अंगावर धुळीचा थर. मी पुढच्या खोलीत गेले तर ते पाणी न पिता, तांब्या हातात धरून उभे. म्हणाले, "मी तुले लेवाले उनू. चाल, दुपारनी गाडी शे." मला न्यायला आले होते. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काय कळलं कोण जाणे, म्हणाले, "काय व्हयनं?" सांगितलं ते नानांनी, भाऊंना खुर्ची देऊन, अगदी रीतीने. एक शेतकरी दुसऱ्याशी बोलतो तसं, आधी पाऊसपाणी विचारलं, कांद्याचं विचारलं, आणि मग ती मूठ. एकही उणा शब्द बोलले नाहीत. "तुमची पोरगी चांगली हाये. पन नेम तो नेम. तुमच्या घरी तिची मूठ निंगाली असीन ना?"

भाऊंनी तांब्या खाली ठेवला. आमच्या घरी मुठी शुक्रवारीच निघत, म्हणजे आदल्या दिवशी आईने माझी मूठ काढली होती आणि त्या वेळी भाऊ शेजारी बसलेले असणार, ते दर वर्षी बसत. भाऊ देवभोळे होते. कानबाईच्या दिवसात पायात वहाण घालत नसत. मी त्यांना कधी लहानसंही खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, बाजारातसुद्धा. त्यांनी दाराशी भिंतीला टेकून ठेवलेली माझी सायन्सची वही बघितली, मागे पडवीत अक्का सुपावर हात ठेवून बसल्या होत्या तिकडे बघितलं, आणि नानांना म्हणाले, "नही. आमनामां पोरीस्नी मूठ लेतस नही. पोरी परघरन्या. इनी मूठ कोठेच निंघेल नही. तुमना घर निंघनी, ते आते ती तुमनी." आमच्यात पोरींची मूठ काढतच नाहीत, हिची कुठेच निघालेली नाही, तुमच्या घरी निघाली, तर आता ती तुमची.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी तोंड उघडलं होतं ते मिटलं. कानबाईच्या नेमात बाप खोटं बोलेल, हे नानांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यांनी मान हलवली. "मंग अडचन नई. बापानं दिली, घरानं घेतली. दळन पाठवा." अक्का उठल्या आणि भाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. "भाऊ, जेवून जा." भाऊ म्हणाले, "नही अक्का. उद्या घर कानबाई शे." मी त्यांना रिक्षाथांब्यापर्यंत पोचवायला गेले. रिक्षात बसताना म्हणाले, "सोमवारना पेपर नीट लिख." पेपर नव्हता, प्रयोग होते, पण मी हो म्हटलं.

रविवारी मी अक्कांच्या पंगतीत बसून रोट खाल्ले. गंगाफळाची भाजी, खीर, पुरणाची पोळी, आणि नानांची बायको मला आग्रह करून वाढत होती. त्या घरात मी त्यानंतर कधी परकी नव्हते. नाना असोद्याहून केळी पाठवताना एक फणी माझ्या नावाची वेगळी पाठवायचे आणि शीलाला म्हणायचे, हे तुझ्या बहिणीचं. प्रत्येक घास गिळताना मात्र मला आमच्या घरची पडवी दिसत होती. मला चांगलं वाटत होतं आणि मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यातलं कोणतं किती, हे मला अजून सांगता येत नाही. सोमवारी मी प्रयोग केले. वर्ष सरलं. जोडी मला शेवटपर्यंत मिळाली नाही, डब्यांच्या त्या गोलात मी फेब्रुवारीत कधीतरी बसले, तोवर परीक्षा आली होती. पास झाले. सहा जणांतले आम्ही तिघेच पास झालो. ट्रंक घेऊन निघताना अक्कांनी मला साडी-चोळी केली आणि म्हणाल्या, "येत जाय पोरी." मी गेलेही काही वर्षं, मग आबा गेले, अक्का गेल्या, शीला सुरतेला, आणि ते घर पाडून तिथे तीन मजले झाले.

निकाल लागला आणि पुढच्या श्रावणात मी पिंपळनेरला घरी होते. नोकरीचे अर्ज टाकलेले, हातात काही काम नाही, अंगात वर्षभराचा शीण, आणि कानबाईला तरी आपण आपल्या घरी आहोत याचं सुख. शुक्रवारी आई सुपापुढे बसली, भाऊ शेजारी, मी गहू निवडून देत होते. तिने घरधन्याची मूठ काढली, माझ्या दोघा भावांची काढली, स्वतःची काढली. मग हात झटकले आणि सुपावर फडकं टाकलं. मला वाटलं ती विसरली. मी म्हटलं, "आई, मनी?" माझी कुठे?

आईने भाऊंकडे पाहिलं. भाऊ अंगणात बघत होते. तेव्हा मला कळलं की त्या शनिवारी घरी पोचल्या पोचल्या त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं, आणि माझ्या वाट्याचे गेल्या वर्षीचे रोट, दोष दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून, त्यांनी एकट्याने, कोणाला तुकडा न देता खाल्ले होते, हे आईने मला मागाहून सांगितलं. आई रागावलेली नव्हती. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हाताला गव्हाचा भुसा होता. म्हणाली, "तुना बापनी त्या मानूसले सांगं, आमनामां पोरीस्नी मूठ लेतस नही. आते मी लिधी ते तो कानबाईम्होरे खोटा पडी. नही लिधी ते त्यानं खरं व्हई." आता मूठ काढली तर भाऊ देवीपुढे खोटे ठरतील, नाही काढली तर त्यांचं खरं होईल. मी म्हटलं, "मंग मी कोनी?" मग मी कोणाची? आई सूप उचलून आत गेली.

रोट संपायला चार दिवस लागले. ते चार दिवस आईने मागच्या अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडून माझ्यासाठी भाजी-भाकरी केली. घरातली सगळी आत पंगतीला बसत आणि मी ओट्यावर. भाऊ त्यांचं ताट घेऊन आतल्या बाजूने उंबऱ्याशी येऊन बसायचे, पलीकडे मी, आणि आम्ही दोघं एकाच वेळी जेवायला सुरुवात करायचो.